प्यादं एकच घर चालतं

बुद्धिबळाचे नियम जगभर एकच आहेत, असा फिडे या जागतिक संघटनेचा समज आहे. 1924 साली पॅरिसमध्ये तिची स्थापना झाली, तेव्हापासूनचा. तो दूर करायचा तर त्यांच्या नियम समितीला एकदा सांगलीच्या गावभागात आमच्या तात्यांच्या सोप्यावर आणून बसवायला हवं. तिथं प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर चालतं. कॅसलिंग नाही; त्याऐवजी राजाला, तोवर त्याला एकदाही शह बसलेला नसेल तर, जन्मात एकदा घोड्यासारखी अडीच घरं उडी मारायची मुभा आहे. प्यादं पलीकडच्या टोकाला पोचलं की ते ज्या पट्टीत पोचलं त्या पट्टीचा मोहरा होतं. हत्तीच्या पट्टीत हत्ती, उंटाच्या पट्टीत उंट. तेही, तो मोहरा आधी मेलेला असेल तरच. म्हणजे जागा रिकामी झाल्याशिवाय बढती नाही. तात्या जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेत. त्यांना या नियमात वावगं काहीच दिसत नाही.

आणि हे सगळं सांगलीत! ज्या गावात भाऊसाहेब पडसलगीकरांनी पोरांच्या पिढ्या आधुनिक बुद्धिबळावर वाढवल्या, जिथून स्वाती घाटे महिला ग्रँडमास्टर झाल्या, ज्या गावाला लोक बुद्धिबळाची पंढरी म्हणतात, त्या गावात. तात्यांचं म्हणणं असं की पंढरीत राहणाऱ्याला वारी करावी लागत नाही.

"आमचा खेळ ओरिजिनल," ते म्हणतात. "तुमचा तो साहेबानं मोडतोड केलेला."

यातलं दुसरं वाक्य बरंचसं खरं आहे. पहिल्यात मात्र भानगड आहे. सातव्या शतकात बाणभट्टानं 'हर्षचरिता'त चतुरंगाचा उल्लेख केला, तेव्हाचा खेळ आज तात्यांसमोर मांडला तर तेही तो ओळखणार नाहीत. त्यात वजिराच्या जागी असलेला मंत्री तिरकं एकच घर सरकायचा. राजाच्या शेजारी उभं राहणं एवढंच त्याचं कर्तृत्व. तिरकस चालीवर आज पल्लेदार धावणारा उंट, त्याच्या पूर्वजाला मोजून दोन घरांची उडी होती. खेळ इराणला गेला, अरबांकडं गेला, स्पेनला पोचला आणि तिथं 1475 च्या सुमारास कुणीतरी मंत्र्याची राणी केली आणि तिला चारी दिशा आणि चारी कोपरे मोकळे करून दिले. युरोपातले जुने खेळाडू हादरलेच. इटलीत आणि फ्रान्समध्ये या नव्या खेळाला लोक पिसाळलेल्या राणीचं बुद्धिबळ म्हणू लागले. पुढं राणीचे ते अधिकार हिंदुस्थानात आले. आपण ते निमूट स्वीकारले, राणी तेवढी नाकारली. तात्यांचा वजीर अधिकार सगळे राणीचे वापरतो आणि मिशा स्वतःच्या ठेवतो.

पटावरच्या बाईबद्दलचा हा संकोच पटाबाहेरही होता. 1976 साली मुंबईची रोहिणी खाडिलकर, वय वर्षं 13, पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळायला बसली, तेव्हा मोठाच वाद झाला. शेवटी फिडेचे तेव्हाचे अध्यक्ष मॅक्स युवे यांना निर्वाळा द्यावा लागला की बायकांना अशा स्पर्धेतून अडवता येणार नाही. स्पेनमधल्या राणीला मोकळीक मिळाल्यावर पाचशे वर्षांनी! 2025 च्या जुलैत नागपूरची दिव्या देशमुख बातुमीला महिला विश्वचषक जिंकून थेट ग्रँडमास्टर झाली, तेव्हा तात्यांनी पेपर खाली ठेवला आणि एवढंच म्हणाले, "विदर्भात पहिल्यापासून वजीर चांगला खेळतात."

तर सांगायचा मुद्दा असा की तात्यांचं बुद्धिबळ हीसुद्धा सुधारित आवृत्तीच आहे, फक्त सुधारणा अर्ध्यावर थांबवलेली. आणि ती जिथं थांबवली तिथंच खरी गंमत आहे. साहेबानं केलेल्या उरलेल्या सगळ्या दुरुस्त्यांच्या मुळाशी एकच कारण दिसतं: घाई. प्याद्याला पहिल्या चालीला दोन घरं का? तर मारामारी लवकर सुरू व्हावी. कॅसलिंग का? तर राजा एका चालीत सुरक्षित कोपऱ्यात जावा आणि हत्ती लगेच कामाला लागावा. पण सवलत दिली की पळवाट आलीच. दोन घरांची उडी घेऊन प्यादं शेजारच्या प्याद्याचा मार चुकवून निसटायला लागलं. मग त्या निसटणाऱ्याला, जणू ते एकच घर चाललंय असं समजून मारायचं, पण ते फक्त पुढच्याच चालीला, नंतर नाही, असा एक नियम आला. त्याचं नाव एन पासाँ. शासन निर्णयापाठोपाठ शुद्धिपत्रक निघावं, तसा हा नियम आहे, आणि महाराष्ट्रातल्या कुठल्याही काकांना तो पहिल्यांदा कळतो तो स्वतःचं प्यादं गेल्यावरच. "असा काही नियम नसतो" हे वाक्य एन पासाँनंतर जेवढ्या वेळा उच्चारलं गेलं असेल, तेवढं दुसऱ्या कुठल्याच खेळात नसेल. देशी खेळात प्यादं एकच घर चालतं, त्यामुळे शुद्धिपत्रकाची गरजच पडत नाही.

पण म्हणून देशी खेळ रटाळ नव्हता असं मी म्हणणार नाही. प्यादी एकेक घर सरकवत दोन्ही सैन्यं समोरासमोर यायला दुपार टळायची. खुद्द जुन्या खेळाडूंनाही याचा कंटाळा येत असला पाहिजे, कारण हिंदुस्थानात पुष्कळ ठिकाणी सुरुवातीलाच दोघांनी ठरवून आपापल्या तीन-चार चाली एकदम करून टाकायची रीत होती. हे मी तात्यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "उत्तरेकडं करत असतील. त्यांना रेल्वे पकडायची असते."

या एका घराच्या प्याद्याला कमी लेखू नये, एवढं मात्र खरं. 1850 च्या सुमारास कलकत्त्यात जॉन कॉक्रेन नावाचा स्कॉटिश बॅरिस्टर मोहेशचंद्र बॅनर्जी नावाच्या बंगाली खेळाडूशी भरपूर डाव खेळला आणि त्यातले काही त्यानं लिहून ठेवले. मोहेशचंद्र साहेबाच्या नियमांनी खेळत होते, पण हात देशी होता. प्यादी जपून एकेक घर पुढं, उंट कोपऱ्याकडून लांबच्या तिरक्या रेघेवर, मध्य आधी समोरच्याला देऊन टाकायचा आणि मग तो खालून पोखरायचा. साहेबाला हे विचित्र वाटलं असणार. आज जगातला प्रत्येक ग्रँडमास्टर 'किंग्ज इंडियन' आणि 'निम्झो-इंडियन' हे बचाव पाठ करतो, त्यातलं इंडियन हे शेपूट या खेळीतून आलेलं आहे. कोथरूडमधल्या क्लासात ते शिकवायचे महिन्याला पैसे घेतात.

दुसरी गोष्ट मीर सुलतान खानची. पंजाबातला हा माणूस देशी नियमांवर वाढला आणि मोठेपणी साहेबाचे नियम शिकला. 1929 साली मालकाबरोबर, सर उमर हयात खान यांच्याबरोबर, इंग्लंडला गेला आणि त्याच वर्षी ब्रिटिश अजिंक्यपद घेऊन मोकळा झाला. पुन्हा 1932 ला. पुन्हा 1933 ला. मध्ये हेस्टिंग्जच्या स्पर्धेत त्यानं माजी जगज्जेत्या कापाब्लांकाला हरवलं. मग मालक परतला, तसा तोही परतला, आणि पुस्तकांनी भरलेल्या त्या जगाकडं त्यानं पुन्हा फारसं बघितलं नाही. 1966 साली तो वारला. फिडेनं त्याला मानद ग्रँडमास्टर केलं 2024 साली.

"मेल्यावर 58 वर्षांनी?" तात्या म्हणाले. "पेन्शनची फाईल दिसतेय."

नियमांची ही सरमिसळ आपल्याकडं फार पूर्वीपासून चालली आहे. 1814 साली मुंबईत त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचं एक इंग्रजी पुस्तक छापलं गेलं. डाव मूळ संस्कृतातले, आणि शीर्षकातच खुलासा की ते युरोपीय पद्धतीच्या खेळाला जुळवून घेतले आहेत. म्हणजे पेशवाई अजून शिल्लक होती, शनिवारवाड्यावर भगवा होता, आणि इकडं मुंबईत वजिराचं नव्या राजवटीशी जमवून झालं होतं. सत्यजित राय यांनी 1977 च्या 'शतरंज के खिलाडी'त नेमकं हेच धरलं. लखनौचे ते दोन नवाब, संजीव कुमार आणि सईद जाफरी, डावात बुडालेले असताना मुन्शी नंदलाल त्यांना इंग्रजी पद्धत समजावून सांगतो: प्यादं दोन घरं, वजिराच्या जागी राणी, डाव झटपट. त्या झटपटचं नवाबांना नवल वाटतं. वेळ घालवण्यासाठीच तर बसलेत. तो वाचवून करायचं काय?

या प्रश्नाचं उत्तर आता मिळालेलं आहे. वाचलेल्या वेळात आणखी एक डाव खेळायचा. प्रत्येकी तीन मिनिटांचा, मग एका मिनिटाचा. मोबाईलवर एक मिनिटाचे डाव खेळत पोरं रात्रीचे दोन वाजवतात, म्हणजे तात्यांच्या एका डावाला लागतो त्याच्या दुप्पट वेळ झाला. फक्त तात्यांना मध्ये चहा मिळतो.

मे महिन्याच्या सुट्टीत माझी भाची सई सांगलीला आली, आणि हे दोन्ही खेळ एका पटावर आले. सई 9 वर्षांची आहे आणि तिला फिडेचं रेटिंग आहे, 1400 च्या थोडं पुढं. (2024 पासून फिडेनं रेटिंगची सगळ्यात खालची पायरीच 1400 वर नेऊन ठेवली, त्यामुळे रेटिंग असलेला कुणी आता 1400 च्या खाली सापडत नाही. असे उपाय फार थोड्या खात्यांना सुचतात.) तिच्या सॅकमध्ये डिजिटल घड्याळ, चाली लिहायची वही आणि पेन होतं. तात्या बंडी-लुंगीवर होते. 2024 च्या डिसेंबरात न्यूयॉर्कला मॅग्नस कार्लसनला जीन्स घातली म्हणून 200 डॉलर दंड झाला आणि तो जागतिक रॅपिड स्पर्धाच सोडून निघून गेला, हे सईनं तात्यांना सांगितलं. तात्यांनी लुंगीची गाठ सारखी केली आणि म्हणाले, "चल, मांड."

पहिली अडचण पटाचीच आली. तात्यांचा पट लाल कापडाचा, वर पिवळ्या दोऱ्यानं शिवलेल्या रेघा. 64 घरं, सगळी एका रंगाची. जुने हिंदुस्थानी पट असेच असायचे. एकाआड एक काळं-पांढरं ही युरोपची भर.

"तात्याआजोबा, उजव्या हाताला पांढरं घर लागतं."

"धर की."

"पण उंट कुठल्या रंगावरून जातोय ते कसं कळणार?"

"उंटाला कळतं."

दुसरी अडचण नियमांची. सई आपले सोडेना, तात्या आपले सोडीनात. शेवटी काकू आतून शेंगा फोडता फोडता म्हणाल्या, "तिचे नियम तिला, तुमचे तुम्हाला. भांडू नका." आणि खरोखर तसा करार झाला. सईची प्यादी दोन घरं उडणार, तात्यांची एक. सई कॅसलिंग करणार, तात्यांचा राजा एकदा अडीच घरं. एकाच पटावर दोन राज्यघटना. मला वाटतं फिडेनं हा प्रयोग अजून केलेला नाही.

सईनं घड्याळ लावलं, प्रत्येकी दहा मिनिटं. तात्यांनी ते हातात घेऊन पाहिलं. "बिघडलंय तुझं. दहा कुठं वाजलेत?" मग त्यांनी अडकित्ता काढला आणि विचारपूर्वक सुपारी कातरायला घेतली. त्यांची दहा मिनिटं संपून घड्याळ शून्यावर आलं, म्हणजे फिडेच्या हिशेबानं ते हरले, तेव्हा त्यांनी चौथं प्यादं एक घर पुढं सरकवलं.

बुद्धिबळ हा दोघांचा खेळ आहे असं खोक्यावर लिहिलेलं असतं. सोप्यावर तो पाच जणांचा असतो. शेजारचे जोशी सईच्या बाजूनं बसले, त्यांचे मेहुणे तात्यांच्या बाजूनं, आणि दूध घालायला आलेला माणूस कुणाच्याच बाजूनं नव्हता पण उठत नव्हता. "घोडा घाल, घोडा घाल." "अहो, वजीर उघडा पडतोय." "पडू दे, पुढं शह आहे." सईनं पेन खाली ठेवलं. "स्पर्धेत असं बोललं तर पंच हॉलच्या बाहेर काढतात."

"मग हरल्यावर दोष कुणाला देतात?" तात्यांनी मनापासून विचारलं.

खेळ म्हणून विचाराल तर माझं मत सईच्या बाजूनं आहे. तिची प्यादी मध्यावर चढली, उंट बाहेर आले, राजा कोपऱ्यात गेला, आणि हे सगळं तात्यांची पहिली सुपारी संपायच्या आत. देशी डावात एवढ्या वेळात फक्त समोरच्याचा स्वभाव कळतो. पण सई रंगाच्या घरांवर वाढलेली. लाल कापडावर लांबच्या तिरक्या रेघा तिच्या डोळ्यांना सापडेनात. तिनं एक उंट नेऊन अशा जागी ठेवला की तात्यांचा हत्ती त्याला सहज खाऊन गेला, आणि मग वजीरही अडकला. बघता बघता तात्यांना घोड्यानं मात दिसायला लागली. एका चालीत. जोशींना दिसली, मेहुण्यांना दिसली, दूधवाल्यालाही दिसली असावी, कारण तो पुढं सरकून बसला.

तात्यांनी घोडा हलवला नाही.

"अहो तात्या, मात आहे."

"दिसतेय मला. प्याद्यानं करतो."

इथं देशी बुद्धिबळाचा जीव आहे, आणि नव्या खेळानं तो पार काढून टाकलाय. सईच्या खेळात जिंकणं म्हणजे एक गुण. कशानंही मात करा, गुण एकच. जुन्या खेळात विजयाला प्रती होत्या. समोरच्याचे सगळे मोहरे मारून राजा एकटा पाडला, तर बऱ्याच ठिकाणी तो अर्धाच विजय धरत. आणि सगळ्यात वरची, गावभर सांगायची, ती प्यादेमात. मोठा मोहरा हाताशी असताना तो बाजूला ठेवून साध्या प्याद्यानं राजाला मारायचं. समोरच्याला नुसतं हरवून भागत नाही, त्यानं ते आयुष्यभर विसरता कामा नये. तर तात्या प्यादं एकेक घर पुढं आणू लागले, आणि सईला श्वास घ्यायला वेळ मिळाला.

1400 च्या पुढच्या माणसाला एवढा वेळ देऊ नये. तिनं आधी घोडा मारला, मग हत्ती, मग तात्यांचा वजीर. पाठोपाठ तिचं एक प्यादं उंटाच्या पट्टीतून शेवटच्या घरात पोचलं.

"उंट कर त्याचा," तात्या म्हणाले.

"माझ्या नियमानं वजीर."

पण मेलेल्या मोहऱ्यांच्या ढिगात तिचा वजीर सापडेना. मागाहून तो मेहुण्यांच्या मुठीत निघाला. तात्यांनी हत्ती उलटा करून पुढं केला. महाराष्ट्रातल्या घराघरांत उलटा हत्ती म्हणजे वजीर, हा नियम न लिहिता पाळला जातो. सईनं मान हलवली. 2017 साली कॅनडाच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या निर्णायक डावात एका खेळाडूला वेळेवर वजीर सापडला नाही, त्यानं उलटा हत्ती ठेवला, पंचांनी तो हत्तीच धरला आणि त्याचं अजिंक्यपद गेलं. क्लासातल्या सरांनी हे सांगून ठेवलं होतं. मग तिनं तात्यांच्या पानाच्या डब्यातली चुन्याची डबी उचलली आणि त्या घरात ठेवली.

पुढचा डाव चुन्याच्या डबीनं गाजवला. डबीनं शह, डबीनं प्यादं मारलं, डबीनं पुन्हा शह. मध्येच तात्यांनी सवयीनं पानाला चुना लावायला ती उचलली.

"हात लावलात! आता मारायला लागेल."

"कशानं मारू? राजा तिथपर्यंत पोचत नाही."

"मग खाली ठेवा. आणि मोहरा नीट करायचा असेल तर आधी 'अ‍ॅडजस्ट' म्हणायचं असतं."

"अ‍ॅडजस्ट," तात्या म्हणाले, बोटावर चुना घेतला आणि डबी जागेवर ठेवली.

तात्यांकडं आता कोपऱ्यातला राजा आणि पुढं अडलेलं एक प्यादं उरलं होतं. सईनं मोठ्या थाटात डबी दोन घरं सरकवली. राजाला शह नव्हता. पण राजाला जायलाही घर नव्हतं आणि प्यादं हलत नव्हतं. सोप्यावर एकदम शांतता झाली. सईच्या लक्षात आलं आणि तिचा चेहरा पडला. स्टेलमेट. जिंकलेला डाव, आणि तिच्या नियमानं बरोबरी.

मग तिचे डोळे चमकले. "तात्याआजोबा, तुमच्या नियमात अशी कोंडी करता येत नाही ना? तुम्हीच सांगितलंत सकाळी. कोंडी झाली तर ज्यानं केली त्यानं चाल मागं घेऊन दुसरी करायची. घेते मी मागं."

तात्यांनी अडकित्ता बाजूला ठेवला. "छे छे. तुझी चाल, तुझे नियम. काकू काय म्हणाली?"

"पण कोंडी तुमच्या राजाची झालीय! राजा तुमचा, म्हणजे नियमही तुमचे."

"जागतिक संघटना आहे बाळा, तिचा मान राखला पाहिजे. काय हो जोशी?" जोशींनी मान डोलावली, त्यांना घरी जायचं होतं. "बरोबरी म्हणजे किती गुण मिळतात?"

"अर्धा," सई रडवेल्या आवाजात म्हणाली.

"आणि तुझ्या त्या रेटिंगची सगळ्यात खालची पायरी किती म्हणालीस?"

"1400."

"मग 700 लिही माझ्या नावावर."